उपवासाचं कारण आता पुरे

ताई, नमस्कार.

मी 37 वर्षांची आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर एका मोठ्या सोसायटीत राहते, आयटीत नोकरी करते. नवरा, मी आणि आठ वर्षांची मुलगी. दोघांचे पगार चांगले आहेत. तरी आम्ही, खरं तर जास्त करून मीच, ठरवून साधं राहते. गाडी घेतली नाही, एक स्कूटर आहे. घराचं कर्ज मुदतीच्या सहा वर्षं आधी फेडलं. मुलीची सायकल, पुस्तकं, बरेचसे कपडे कुणाचे तरी वापरलेले असतात. मिक्सर दोनदा दुरुस्त केला, अजून चालतोय. मला या सगळ्यात मनापासून आनंद मिळतो.

पण माझ्यासारखं कुणी भेटत नाही. ऑफिसातले सगळे दर शुक्रवारी बाहेर जेवायला जातात. मी हल्ली ‘उपवास आहे’ असं सांगते. सोसायटीतल्या बायकांची भिशी म्हणजे हॉटेलातली पार्टी. एकदा मी म्हटलं, घरीच करूया, तर हसल्या. मागून मला ‘चिंगूस’ म्हणतात हेही कानावर आलं. नवरा घरात समजून घेतो, पण चारचौघांत तोही माझ्यावर विनोद करतो. सासूबाई साताऱ्याला असतात. त्यांनी आयुष्यभर काटकसर केली, पण त्याही म्हणतात, ‘आता देवानं दिलंय तर जरा हात सैल सोड.’ सगळ्यांपेक्षा वेगळं असण्याचा कंटाळा आलाय. माझ्यासारखी माणसं कुठे भेटतील?

– एक वाचक, पुणे


प्रिय मैत्रीण,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातलं उपवासाचं वाक्य मी तीनदा वाचलं. तुम्ही विचारलंत, माणसं कुठे भेटतील. पण त्या वाक्यामुळे मला दुसराच प्रश्न पडला: तुमच्यासारखी बाई शेजारच्या टेबलावर बसली असेल, तर तिला तुम्ही कशा ओळखू याल? तिच्या लेखी तुम्ही शुक्रवार करणारी भाविक बाई आहात.

खर्च दिसतो, काटकसर दिसत नाही. पार्किंगमधली नवी गाडी रोज येता-जाता सगळ्यांना दिसते. सहा वर्षं आधी फिटलेलं कर्ज कुणालाच दिसत नाही. त्यामुळे आपल्या आजूबाजूला सगळे उधळतच आहेत आणि आपण एकट्याच वेगळ्या, असं वाटायला लागतं. तुमच्या शंभर-दोनशे घरांच्या सोसायटीत ठरवून साधं राहणारी आणखी काही घरं नक्की असणार. तीही गप्प आहेत. तुमच्या ऑफिसात शुक्रवारी कुणाला ‘ॲसिडिटी’ होते, कुणाचा नेमका एक वाजता कॉल असतो. त्यातलं एखादं कारण तुमच्या उपवासासारखंच असेल.

मी हे अनुभवानं सांगते. ठाण्याला नोकरी करत होते तेव्हा स्टेशनपासून ऑफिसपर्यंत रोज पंचवीस मिनिटं चालत जायची. कुणी विचारलं तर ‘डॉक्टरांनी चालायला सांगितलंय’ म्हणायची. रिक्षाचे पैसे वाचवते असं म्हणायला जीभ रेटत नसे. एका पावसाळ्यात छत्रीची काडी मोडली म्हणून दुरुस्तीवाल्याकडे थांबले, तर शेजारी आमच्याच अकाउंट्समधली बाई उभी, हातात दोन छत्र्या. बोलता बोलता कळलं की तीही रोज चालत येते, पण मागच्या रस्त्यानं, कुणाला दिसू नये म्हणून. आणि तिनंही कारण डॉक्टरांचंच ठेवलं होतं. एका ऑफिसात तीन वर्षं काढून आम्ही दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी एकेकट्या चालत होतो, याचं मला आजही वाईट वाटतं. दुसऱ्या दिवसापासून एका रस्त्यानं जायला लागलो. ती माझी आजची सगळ्यात जवळची मैत्रीण आहे.

म्हणून पहिलं काम: येत्या शुक्रवारी उपवासाचं नाव काढू नका. ‘मी डबा आणलाय, तुम्ही जाऊन या, नंतर चहाला भेटू’ एवढंच सांगा. पुढे स्पष्टीकरण जोडू नका. पैसे वाचवण्यावर भाषण नको आणि बाहेरच्या जेवणावर टीका तर अजिबात नको. दोन-तीन आठवड्यांत लोकांना सवय होते. मग एखादा शुक्रवार असा येतो की कुणी तरी डबा घेऊन समोर बसतं. आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा त्यांच्याबरोबर जेवायला जरूर जा, आनंदानं जा. तुमचं बजेट तुम्हीच लिहिता, त्यात ‘माणसं’ असाही एक रकाना हवा.

आता घरातलं. नवऱ्याबरोबर एकदा निवांत बसा. ‘घरात तू माझ्या बाजूनं असतोस, बाहेर माझ्यावर हसतोस, ते मला लागतं’ हे या शब्दांत सांगा. बहुतेकदा अशा विनोदामागे त्याचा स्वतःचा संकोच असतो. मित्रांच्या गाड्यांसमोर आपली स्कूटर उभी करताना त्यालाही काही वाटत असेल. ते त्याला बोलू द्या. घराची काटकसर एकट्या बाईच्या हट्टावर उभी असेल तर तिचं ओझं होतं. वर्षाला जे वाचतं त्याचं काय करायचं, हे दोघांनी मिळून ठरवलंत तर ती दोघांची होईल.

सासूबाईंचं बोलणं मात्र मनाला लावून घेऊ नका. त्यांनी काटकसर केली ती परिस्थितीनं करायला लावली म्हणून. महिनाअखेरीला डबे खरवडून चार माणसांचं जेवण उठवलेल्या बाईला, हातात पैसा असूनही कुणी तसंच राहतं हे सहज कळणार नाही. ‘हात सैल सोड’ या बोलण्यात माया आहे. आपल्या वाट्याला आलं ते सुनेच्या वाट्याला येऊ नये, एवढंच त्यांना म्हणायचंय. आणि साधेपणाच्या ज्या युक्त्या तुम्ही शोधताय त्यातल्या निम्म्या त्यांच्या हातात आहेत. त्यांच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

एक गोष्ट जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. समविचारी माणसं हवीत म्हणताना आपल्याला कधी मैत्री हवी असते, तर कधी नुसता निकाल हवा असतो: आम्ही बरोबर, बाकीचे चूक. काटकसरी माणसांची बैठक फार लवकर न्यायालयासारखी होते. कोण किती कमी खर्च करतं याची चढाओढ लागते, शेजारणीच्या नव्या सोफ्यावर चर्चा रंगते. असा गट चार महिने टिकतो आणि माणसाला कडवट करून सोडतो. आणखी एक. तुमच्याकडे काम करणाऱ्या मावशी तुमच्यापेक्षा कितीतरी कमी खर्चात घर चालवतात, पण तो त्यांचा छंद नाही. ‘आपण दोघी सारख्याच’ असं त्यांच्याशी चुकूनही बोलू नका. निवडलेला साधेपणा आणि लादलेली चणचण यांत फार अंतर आहे, आणि त्याचं भान असलेली माणसंच तुम्हाला मैत्रीला हवीत.

आता तुमचा मूळ प्रश्न. पुण्यात अशा माणसांच्या जागा ठरलेल्या आहेत. तुमच्या घरापासून पर्वती आणि तळजाई जवळ. रोज पहाटे टेकडीवर येणारी माणसं पाहा. त्यांतल्या पुष्कळांना जिमची वर्गणी परवडते, तरी ती वर्षानुवर्षं टेकडी चढतात. महिनाभर एकाच वेळी जा, नमस्कार होतील, मग गप्पा होतील. रविवारी आणि बुधवारी मंगळवार पेठेत जुना बाजार भरतो. तिथे हत्यारं, सुटे भाग, जुनी भांडी चाळत बसलेल्या माणसाला ‘हे कशासाठी घेताय?’ विचारून पाहा, अर्धा तास बोलेल. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत. घरचा रेडिओ, पंखा, मिक्सर स्वतः उघडून बसणारे लोक तिथे भेटतात. मे-जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात जुनी पाठ्यपुस्तकं शोधणारे आईबाप दिसतात. पुणे नगर वाचन मंदिर 1848 पासून चालू आहे. जिथे लोक पुस्तक विकत घेण्याऐवजी वाचून परत करतात, ती जागा तुमची आहेच. गच्चीवर बाग करणारे तर तुम्हाला हातोहात घेतील. ती मंडळी बी-रोपं एकमेकांना फुकट देतात, ओला कचरा जिरवतात, वाळकी पानं मागून नेतात. कुणाच्या अंगणात पडलेली वाळकी पानं कुणाच्या गच्चीवर पोचवायची, एवढ्या एका कामासाठी पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ हा उपक्रम उभा राहिला आहे. फिरायला जायचं तर दुसऱ्या एखाद्या कुटुंबाबरोबर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’चा चार किंवा सात दिवसांचा पास काढा. एसटीच्या बाकावर चार दिवस एकत्र काढले की माणूस आपला आहे की नाही ते कळतं.

आयटीत तुम्हाला आणखी एक जमात भेटेल: चाळिशीत नोकरी सोडता यावी म्हणून आत्ता जपून खर्च करणारे तरुण. त्यांच्याकडून म्युच्युअल फंड, विमा, कर याबद्दल खूप शिकता येतं, आणि पैशाबद्दल ती मुलं मोकळेपणानं बोलतात. पण त्यांचं बोलणं आकड्यांपाशी सुरू होतं आणि बहुतेकदा आकड्यांपाशीच थांबतं. तुम्हाला मिक्सर दुरुस्त झाल्याचा जो आनंद होतो, तो तिथे कुणाला सांगावासा वाटेलच असं नाही.

आणि सावध राहायच्या दोन जागा. ‘आर्थिक स्वातंत्र्य’ असं नाव लावून हॉटेलच्या हॉलमध्ये मोफत सेमिनार होतात. चहा-बिस्किटांनंतर तिथे विमा पॉलिसी विकली जाते, किंवा साखळीत माणसं जोडायला सांगतात. काटकसर करणाऱ्यांकडे शिल्लक असते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. दुसरं म्हणजे, नव्या ओळखींबरोबर लगेच पैशांची भिशी सुरू करू नका. एकानं मधेच पैसे थकवले की पैसेही जातात आणि माणसंही. आधी वर्षभर एकमेकांचं काम पाहा.

काम हा शब्द मी मुद्दाम वापरला. तुम्हाला मनापासून द्यायचा सल्ला तोच आहे. ‘काटकसरी लोकांचा गट’ म्हणून माणसं बोलावलीत तर कुणी येणार नाही, कारण तसं नाव लावून घ्यायला तुम्हीही इतकी वर्षं लाजत होतात. पण काम काढलंत तर येतील. आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे, सावड. आज सगळ्यांनी मिळून माझ्या शेतात लावणी करायची, उद्या तुझ्या. मजुरीचे पैसे नाहीत, हिशेब हातांचा. नांगरणीसाठी शेजाऱ्यांचे बैल मागून आणले आणि त्या सगळ्यांना जेवू घातलं की ते इर्जिक. या लोकांनी आधी एकमेकांचे विचार जुळतात का ते पाहिलं नव्हतं. कामं एकमेकांशिवाय होत नव्हती, ती करता करता माणसं जुळली.

श्रीपाद अच्युत दाभोळकर यांचं ‘प्रयोग परिवार’ तुम्ही ऐकलंय का? गारगोटीच्या मौनी विद्यापीठात शिकवणारा हा गणिताचा माणूस. त्यांच्या प्रयोग परिवारात द्राक्षं लावणारे साधे शेतकरी एकत्र आले, तासगावकडचे कितीतरी. आपल्या बागेत मी काय करून पाहिलं आणि त्याचं काय झालं, हे प्रत्येकानं दुसऱ्याला सांगायचं. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: तिथे येण्याचा परवाना म्हणजे स्वतः करून पाहिलेला प्रयोग, मग तो फसलेला का असेना. तुमच्याकडे असे प्रयोग ढिगानं आहेत. दोनदा दुरुस्त झालेला मिक्सर हा प्रयोगच आहे.

मग पहिलं काम कुठलं काढायचं? माझ्या मनात एक आहे. कल्हई.

तुमच्या सोसायटीत माळ्यावर, कपाटांच्या मागे पितळेची आणि तांब्याची भांडी पडून असतील. आजेसासूबाईंचं पातेलं, लग्नात आलेला डबा, रुखवताची कळशी. वापरात नाहीत, कारण आतली कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ मुलामा, गेलेली. कल्हईशिवाय पितळेत ताक किंवा आंबट वरण ठेवलं की ते कळकतं, चव बिघडते आणि पोटालाही बरं नाही. मोडीत घालायला जीव होत नाही आणि वापरताही येत नाहीत. एका घरच्या दोन भांड्यांसाठी कल्हईवाला सिंहगड रस्त्यापर्यंत येणार नाही, त्याला ते परवडत नाही. पंधरा घरांची पन्नास भांडी जमली तर येईल. म्हणजे हे काम एकटीला करताच येत नाही. म्हणूनच ते निवडलंय.

कसबा पेठेत तांबट आळी आहे. पिढ्यान् पिढ्या तांब्याची भांडी घडवणाऱ्या तांबटांची ती वस्ती. तिथे जाऊन कल्हईवाल्याची चौकशी करा. दर भांड्याच्या मापावर असतो, तो आधी विचारून घ्या आणि मग त्यात घासाघीस करू नका. हे मी आग्रहानं सांगते. कल्हईवाला, छत्री दुरुस्त करणारा, धार लावणारा, गाद्या पिंजणारा, ही माणसं टिकली तरच आपली काटकसर चालेल. वस्तू टिकवायची आणि ती टिकवणाऱ्याचे दहा रुपये कापायचे, याला मी काटकसर म्हणणार नाही. चिंगूस हा शब्द खरा लागू पडतो तो इथे. तुमच्या पत्रातलं काहीच तसं नाही.

मग सोसायटीच्या फलकावर चार ओळी लिहा: अमुक रविवारी सकाळी कल्हईवाले येणार आहेत, ज्यांची भांडी असतील त्यांनी गुरुवारपर्यंत नावं द्यावीत. खाली तुमचं नाव आणि फ्लॅट नंबर. काटकसर, पर्यावरण, साधं जगणं यातला एकही शब्द नको. नावं द्यायला येतील त्यांच्याशी दारातच दोन मिनिटं बोला, भांडं कुणाचं, कुठून आलं ते विचारा. पितळी पातेल्याची गोष्ट नसलेलं घर मी अजून पाहिलेलं नाही.

त्या दिवशी मुलांना खाली आणा. भाता चालतो, कोळसे फुलतात, भांडं तापतं. त्यावर नवसागराची पूड पडली की पांढरा धूर निघतो, कथलाची कांडी टेकवली की ती पाण्यासारखी वितळते, आणि कापसाचा बोळा फिरवला की काळवंडलेलं भांडं क्षणात चांदीसारखं उजळतं. मग ते पाण्यात बुडवतात आणि चर्र आवाज होतो. तुमच्या मुलीला वापरलेल्या सायकलीबद्दल कुणी काही बोलत असेल, तर जुनी वस्तू अशी डोळ्यांदेखत नवी झालेली तिनं एकदा पाहावी. तिला वेगळं काही समजावत बसावं लागणार नाही. आणि भांडी घरी नेणाऱ्यांना एक सांगून ठेवा: कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, तेव्हा कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर तापत ठेवायचं नाही.

तिथे जी माणसं आपलं भांडं झाल्यावरही रेंगाळतील, ती तुमची. कुणी म्हणेल, आमच्याकडे जुन्या साड्या पडल्यात, गोधडी शिवायची राहिलीय. तुमच्या पुण्याकडची गोधडी, कोल्हापूर-सांगलीकडची वाकळ. चार बायका चार कोपऱ्यांना बसल्या की धावदोरा भराभर सरकतो आणि तेवढ्या वेळात मनातलं पुष्कळ बोलून होतं. एप्रिलमध्ये वाळवण काढा, गच्ची आहेच. मेमध्ये शाळेची पुस्तकं आणि लहान झालेल्या सायकली यांची अदलाबदल. पुढे ड्रिल मशीन, शिडी, मोठं इडलीपात्र, मुलांच्या गॅदरिंगचे पोशाख अशा क्वचित लागणाऱ्या वस्तूंसाठी एक सामाईक कपाट करता येईल. त्याला समितीची परवानगी लागेल. सोसायटीची वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, तिथे ‘ऐनवेळच्या विषयां’त तो मांडण्यापेक्षा आधीच लेखी द्या. आणि तोपर्यंत तुमच्या बाजूनं बोलणारी पाच-सहा घरं झालेली असू देत. कपाटाची वही मात्र एकाच माणसाकडे ठेवा. सगळ्यांची जबाबदारी म्हटली की महिनाभरात ड्रिल मशीन कुठे गेलं ते कुणालाच माहीत नसतं.

कदाचित पहिल्या रविवारी सातच घरं नावं देतील. सातांची भांडी कमी पडली तर शेजारच्या सोसायटीत विचारा, पण दिवस पुढे ढकलू नका. भिशीतल्या बायकांनाही आवर्जून सांगा. तुम्हाला हसली त्यांतली एखादी आजीची परात घेऊन सगळ्यात आधी खाली येईल, याची मला जवळजवळ खात्री आहे. ती आली तर झालं गेलं काढू नका.

दिवाळीच्या आधीचा एखादा रविवार धरा. फराळाच्या आधी सगळ्यांनाच मोठी भांडी हवी असतात आणि पाऊसही सरलेला असतो. भट्टीसाठी पार्किंगपासून लांब, उघड्यावरची जागा ठरवा, कारण नवसागराचा धूर डोळ्यांना झोंबतो. दोन पिंपं पाणी भरून ठेवा. कल्हईवाल्यांच्या चहा-नाश्त्याचं बघा, आणि पोरांना भट्टीपासून चार हात लांब बसवा.

आणि सासूबाईंना त्या आठवड्यात पुण्याला बोलवा. येताना साताऱ्याची पितळी भांडी घेऊन यायला सांगा. कल्हई नीट बसली की नाही हे बोट फिरवून सांगणारं कुणी तरी तिथे लागेल, आणि ते तुमच्यापैकी कुणालाच येत नसणार.

तुमची,
ताई